विकत घेण्याआधी: जबाबदार खरेदीला सुरुवात करणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात कपाट आवरताना कापडी पिशव्या मोजल्या. एकोणीस निघाल्या. त्यातल्या सहा-सातच वापरातल्या. बाकीच्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. एकीवर हिरव्या अक्षरांत 'प्लास्टिक टाळा, पृथ्वी वाचवा' असं छापलेलं, आणि ती ज्या प्लास्टिकच्या वेष्टनात मिळाली होती ते वेष्टन अजून तिच्या अंगावर तसंच.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली वेगवेगळ्या पिशव्यांचा हिशेब मांडला होता. कापूस पिकवण्यापासून शिलाईपर्यंत सुती पिशवीला इतकं काही लागतं की नुसता हवामानबदल धरला तरी ती किमान ५२ वेळा वापरल्यावर साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. पर्यावरणाचे सगळे निकष धरले तर आकडा ७,१०० वर जातो. हा दुसरा आकडा लोक फार फिरवतात, पण तो ओझोनच्या एकाच निकषामुळे फुगलेला आहे आणि उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा हिशेब त्यात नाही, म्हणून तो सोडून देऊ. ५२ चा मात्र लक्षात ठेवण्यासारखा. आठवड्यातून एकदा म्हटलं तर एक वर्ष. एका पिशवीला हे सहज जमतं. माझ्या एकोणीस पिशव्यांची फेड करायला एकोणीस वर्षं लागतील.

'पर्यावरणपूरक' वस्तू घेत सुटणं आणि पर्यावरणाचा विचार करून खरेदी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या कपाटापुढे बसून कळलं. ज्यांना हे नव्याने सुरू करायचंय आणि कुठून ते कळत नाही, त्यांच्यासाठी ज्या क्रमाने मला उपयोग झाला त्या क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: पंधरा दिवस फक्त लिहा

काही बदलायचं नाही. एक वही घ्या, तीन रकाने आखा: काय घेतलं, का घेतलं, आणि पंधरा दिवसांनी ते कुठे आहे. किराणा, कपडे, औषधं, चार्जरची वायर, सगळं लिहा. 'का' च्या रकान्यात खरं लिहा, कारण वही कोणी बघणार नाही. माझ्या वहीत 'हवं होतं' यापेक्षा 'मोफत डिलिव्हरीसाठी बिल पूर्ण करायचं होतं' हे जास्त वेळा आलं. वाचून लाज वाटली, पण कुठे हात घालायचा ते कळलं.

या पंधरा दिवसांत, आणि खरं म्हणजे नंतरही, एक गोष्ट टाळा. उत्साहाच्या भरात घरातले प्लास्टिकचे डबे काढून टाकायचे आणि काचेचे किंवा स्टीलचे नवे आणायचे, ही नवख्या माणसाची हमखास चूक. डबा तयार होताना जे नुकसान व्हायचं ते कधीच होऊन गेलंय. त्यात गरम पदार्थ ठेवायला नको वाटत असेल तर बटणं, खिळे, सुईदोरा ठेवा. तो फुटेल तेव्हा नव्याचं बघू.

दुसरी पायरी: ओझं कुठे आहे ते बघा

लक्ष द्यायची आपली ताकद मर्यादित असते, आणि ती बहुतेक वेळा स्ट्रॉ आणि टूथब्रश यांवरच संपते. घरातल्या खरेदीचा मोठा भार असतो तो अन्न, कपडे, यंत्रं आणि वीज खाणाऱ्या वस्तूंचा. तिथे एक निर्णय बदलला तर तो शंभर स्ट्रॉंच्या तोडीचा होतो.

अन्नाबद्दल सर्वांत रुजलेला समज म्हणजे 'जवळचं तेच चांगलं'. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून हिशेब केला. अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास निघाला. बहुतेक सगळा भार शेतात आणि गोठ्यातच तयार होतो. म्हणजे अन्न किती लांबून आलं यापेक्षा ते मुळात काय आहे याला जास्त महत्त्व. गुरं आणि मेंढ्यांचं मांस सर्वांत वर, डाळी-कडधान्यं अगदी तळाशी. याला मोठा अपवाद विमानाने आणलेल्या नाशवंत मालाचा. तो खरोखरच महाग पडतो, खिशाला नव्हे तर हवेला. जवळच्या शेतकऱ्याकडून घेण्याची इतर चांगली कारणं आहेतच, पण ती कारणं वेगळी.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे टाकून दिलेलं अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के हॉटेलांत किंवा दुकानांत नाही, घरांत. त्यामुळे बाजारात जाण्याआधी फ्रिजच्या मागच्या कप्प्यात हात घाला. पाकिटावरच्या तारखांमधला फरकही समजून घ्या. 'बेस्ट बिफोर' ही चव आणि दर्जा यांची तारीख आहे. ती उलटून गेली म्हणून बिस्किटं विषारी होत नाहीत. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख, ती पाळायची. या दोन तारखांची गल्लत करून किती चांगलं अन्न कचऱ्यात जातं याला गणती नाही.

यंत्रांच्या बाबतीत एक गंमत आहे. मोबाइलचा बहुतेक कार्बन तो तुमच्या हातात येण्याआधीच, तयार होतानाच खर्च झालेला असतो. चार्जिंगला लागणारी वीज त्यापुढे किरकोळ. म्हणून फोन जितका जुना तितका चांगला. आणखी एक वर्ष चालवणं हीच त्यातली हिरवी खरेदी. फ्रिज, एसी, गीझर यांचं उलट. ते वर्षानुवर्षं वीज खातात, त्यामुळे घेताना ऊर्जा-लेबल बारकाईने वाचणं हाच मोठा निर्णय असतो, आणि एखादा फार जुना, धापा टाकणारा फ्रिज बदलणंच शहाणपणाचं ठरू शकतं. दिव्यांचा विषय तर संपलेलाच आहे: जुन्या तारेच्या बल्बपेक्षा एलईडी साधारण पाव वीज घेतो. घरात तसला बल्ब उरला असेल तर तो जाण्याची वाट बघू नका. 'टिकतंय तोवर वापरा' या माझ्याच नियमाला हा अपवाद आहे, हे मान्य.

तिसरी पायरी: नवं घेण्याआधी तीन ठिकाणी डोकावा

दुरुस्त होतंय का? कोणाकडून चार दिवस मागून आणता येईल का? जुनं मिळेल का? वर्षातून दोनदा लागणारं ड्रिल मशीन, शिडी, मोठं भांडं, प्रवासाची बॅग यांची उत्तरं इथेच मिळतात. मागायला संकोच वाटतो, पण आपण एकदा दिलं की मागणं सोपं होतं.

नवंच घ्यायचं ठरलं तर ते उघडता येतं का ते बघा. स्क्रू आहेत की सगळं गोंदाने चिकटवलंय? बॅटरी बदलता येते का? सुटे भाग किती वर्षं मिळतील, सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं देणार? फ्रान्सने २०२१ च्या जानेवारीपासून फोन, लॅपटॉप, टीव्ही यांसारख्या वस्तूंवर दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. तुमच्याकडे तसे गुण छापत नसतील, पण त्याच मॉडेलचे तिथले गुण इंटरनेटवर शोधता येतात. ते बघायला दोन मिनिटं लागतात.

चौथी पायरी: लेबल वाचायला शिका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

गेल्या वर्षी मी एक 'बांबूचा' शर्ट घेतला. खाकी कागदाचा टॅग, त्यावर बांबूची पानं, सुतळीने बांधलेला. घरी आल्यावर शिवणीच्या आत बोटाएवढं पांढरं लेबल दिसलं: ९५ टक्के व्हिस्कोज, ५ टक्के इलास्टेन. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्यातून काढून, विरघळवून त्याचे धागे ओढले की ते व्हिस्कोज होतं. हे दुसरं रसायन कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. धागा तयार झाल्यावर लगदा बांबूचा होता की दुसऱ्या कुठल्या झाडाचा, याने फारसा फरक उरत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर व्हिस्कोज 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांवर २००९ पासून कारवाया केल्या आहेत. मला हे सगळं शर्ट घेतल्यावर कळलं. तेव्हापासून एक सवय लागली: बाहेरचा टॅग जाहिरात लिहिते, आतलं लेबल कायदा लिहायला लावतो, म्हणून आधी आतलं वाचायचं.

अशा दिखाव्याला 'ग्रीनवॉशिंग' म्हणतात. हा शब्द १९८६ मध्ये जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने वापरात आणला. 'पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा' अशा हॉटेलांतल्या पाट्या त्याच्या डोळ्यांपुढे होत्या. युरोपीय आयोगाने २०२० मध्ये वस्तूंवरचे दीडशे पर्यावरणीय दावे तपासले तेव्हा त्यातले ५३ टक्के मोघम, दिशाभूल करणारे किंवा बिनबुडाचे निघाले. म्हणजे डोळे मिटून नाणं उडवलंत तरी तुमचा अंदाज जवळपास तितकाच बरोबर येईल.

काही शब्द आणि खुणा सतत समोर येतात. 'नैसर्गिक' या शब्दाने काहीच कळत नाही. आर्सेनिकही नैसर्गिकच आहे. 'रिसायकलेबल' म्हणजे पुनर्वापर होऊ शकतो, 'रिसायकल्ड' म्हणजे झालेला आहे. यात लग्नाळू आणि लग्न झालेला इतका फरक. बाटलीच्या तळाचा बाणांचा त्रिकोण आणि त्यातला आकडा ही पुनर्वापराची हमी नाही. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये आणलेली ती प्लास्टिकच्या प्रकारांची ओळखखूण आहे. १ आणि २ हे प्रकार बऱ्याच ठिकाणी गोळा होतात, ५ काही ठिकाणी. ३ आणि ६ ला सहसा कोणी विचारत नाही, आणि ७ म्हणजे 'इतर', अर्थात गाठोडं. 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या कपांतलं पीएलए नावाचं प्लास्टिक कुजायला साधारण ६० अंश तापमानाचं औद्योगिक कंपोस्टिंग लागतं. तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत ते नुसतं पडून राहील. आणि 'कार्बन न्यूट्रल' दिसलं की बघायचं की कंपनीने स्वतःचं उत्सर्जन घटवलंय की कुठल्या तरी प्रकल्पाला पैसे देऊन वजाबाकी दाखवलीय. अशा वजाबाकीवर उभ्या असलेल्या दाव्यांना युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात बंदी घातली, लागू होण्याची तारीख २७ सप्टेंबर २०२६.

मग भरवसा कशावर ठेवायचा? बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेल्या चिन्हांवर, पण प्रत्येक चिन्ह एकाच प्रश्नाचं उत्तर देतं हे ध्यानात ठेवून. कपड्यावरचं 'ओको-टेक्स स्टँडर्ड १००' सांगतं की तयार कापडात घातक रसायनं मर्यादेच्या आत आहेत. कापूस कसा पिकला किंवा शिवणारीला किती मिळाले याबद्दल ते गप्प. 'जीओटीएस' या सेंद्रिय कापडाच्या चिन्हासाठी किमान ७० टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो, शिवाय रंगाई, सांडपाणी, कामगारांची परिस्थिती यांचेही निकष असतात. कागद-लाकडावर 'एफएससी' हे जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांचं चिन्ह असेल तर त्यातही तीन प्रकार: १०० टक्के, मिक्स आणि रिसायकल्ड. तिन्ही सारखे नाहीत, आणि चिन्हाखाली 'सी' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. क्रमांकच नसेल तर शंका घ्या. 'फेअरट्रेड' मध्ये उत्पादकाला किमान भाव आणि वर सामूहिक कामांसाठी प्रीमियम मिळतो. बेडकाचं चिन्ह असलेल्या 'रेनफॉरेस्ट अलायन्स' चा भर शेतीच्या पद्धतींवर, तशी किमान भावाची अट तिथे नाही. सौंदर्यप्रसाधनांत 'व्हेगन' म्हणजे प्राणिजन्य घटक नाहीत, 'क्रुएल्टी-फ्री' म्हणजे प्राण्यांवर चाचणी नाही. एक असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही. आणि ज्या चिन्हामागची संस्था शोधूनही सापडत नाही, ते कंपनीच्या चित्रकाराने काढलेलं पान आहे असं समजा.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. तुम्ही वारंवार घेता अशा चार-पाच वस्तू निवडा आणि तेवढ्यांचीच चिन्हं शिका.

जाता जाता बहिष्काराबद्दल. पाम तेलासाठी जंगलं तोडली जातात हे खरं, आणि म्हणून 'पाम तेलमुक्त' पाकिटं चांगली वाटतात. पण हेक्टरी उत्पादनात पामच्या जवळपास दुसरं तेलबी पीक नाही. सगळ्यांनी पाम सोडून दुसरं तेल धरलं तर तेवढ्याच तेलाला कितीतरी जास्त जमीन लागेल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. इथे सोडण्यापेक्षा 'आरएसपीओ' या शाश्वत पाम तेलासाठीच्या संस्थेने प्रमाणित केलेलं पाम तेल निवडणं मला जास्त पटतं, ते प्रमाणपत्रही निर्दोष नसलं तरी.

पाचवी पायरी: ऑनलाइन मागवताना

घाई नसेल तर 'आजच हवं' चं बटण दाबू नका, ऑर्डरी एकत्र करा. दोन मापांचे कपडे मागवून एक परत पाठवायची सवय सोडा. घरातल्या नीट बसणाऱ्या कपड्याला टेप लावून माप लिहून ठेवलं की हे आपोआप सुटतं. परत केलेला सगळाच माल पुन्हा विकला जातो असं नाही.

सहावी पायरी: शेवट आधी ठरवा

वस्तू घेतानाच विचारायचं की ही संपल्यावर कुठे जाणार. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. खणात झोपलेला जुना फोन कुठे नेऊन द्यायचा ते नवा घेण्याच्या दिवशीच शोधा, नाहीतर खणात एकाचे दोन होतात. प्लास्टिकची अवस्था आणखी वाईट: १९५० पासून २०१५ पर्यंत कचऱ्यात गेलेल्या प्लास्टिकपैकी सुमारे ९ टक्क्यांचाच पुनर्वापर झाला असा २०१७ मधल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. म्हणून वेगळ्या डब्यात टाकलं की आपलं काम झालं, असं मानू नका.

सातवी पायरी: माणसांबद्दल विचारा

ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. ढिगाऱ्यात नामांकित ब्रँडची लेबलं सापडली, आणि आपले कपडे तिथे शिवले जात होते हे काही ब्रँडना स्वतःलाच नीट सांगता येईना. त्यानंतर कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कारखान्यांच्या सुरक्षेचा कायदेशीर बंधनकारक करार झाला, तो पुढे आंतरराष्ट्रीय झाला. आज एखादा ब्रँड 'इंटरनॅशनल अकॉर्ड' मध्ये सही केलेला आहे का हे शोधून बघता येतं. 'ओपन सप्लाय हब' नावाच्या मोफत नकाशावर कारखान्याचं नाव टाकून तिथून कोणते ब्रँड माल घेतात तेही दिसतं.

किमतीवरून अंदाज बांधू नका. फार स्वस्त कपडा बघून शंका यायलाच हवी, पण महागड्या टॅगमधला जास्तीचा पैसा शिवणाऱ्याच्या हातात पडतो याची काहीच खात्री नाही. बऱ्याचदा तो जाहिरातीत आणि दुकानाच्या काचांत जातो. कारखान्यांची यादी स्वतःहून जाहीर करणारा ब्रँड निदान लपवत तरी नाही, म्हणून मी आधी ती यादी शोधते.

यादी नसेल तर लिहायचं. लांबलचक निषेधपत्र नको, चार ओळी पुरतात: 'मी तुमच्याकडून अमुक क्रमांकाचा शर्ट घेतला आहे. तो कोणत्या कारखान्यात शिवला जातो? तिथल्या सर्वांत कमी पगाराच्या कामगाराला महिन्याला किती मिळतात? कारखान्याची शेवटची सुरक्षा तपासणी कधी झाली?' वस्तूचा क्रमांक जरूर टाका, त्याने उत्तर मोघम द्यायला अडचण होते. तरी पहिलं उत्तर बहुधा मोघमच येतं. त्या बांबूच्या शर्टबद्दल मी लिहिलं तेव्हा तीन आठवड्यांनी दीड पानाचं पत्र आलं. त्यात 'कटिबद्ध' हा शब्द चार वेळा होता, कारखान्याचं नाव एकदाही नव्हतं. मी तेच तीन प्रश्न, तेवढेच, पुन्हा पाठवले आहेत.